‘जपानी ड्रमसेटला कवडीमोल भाव सांगितला’ या अभिप्रायाला दुकानाचं उत्तर

नमस्कार साहेब,

दोन तारे दिलेत, त्याबद्दल तक्रार नाही. पण घरात जुना सेट असलेली आणखीही माणसं हे वाचणार, म्हणून सविस्तर लिहितो. तुमचं म्हणणं तीन मुद्द्यांचं: पर्ल या जपानी ड्रम कंपनीचा सेट आम्ही बिननावाचा ठरवला, अमेरिकेत अकराशे डॉलरला लावलेल्या सेटचे आम्ही अठरा हजार रुपये सांगितले, आणि गरज नसताना टॉमचं (सेटमधल्या एका ड्रमचं) हेड, म्हणजे वरचा पडदा, काढलं.

हेड तुमच्यासमोर, विचारून काढलं. जुन्या ड्रमचा खरा दाखला आतून मिळतो. तुमच्या शेलमध्ये, म्हणजे ड्रमच्या गोल सांगाड्यात, तांबूस, भरड रेषांचं लवान लाकूड आहे. पातळ शेल आणि वर-खाली आधाराच्या रिंगा. साठच्या दशकातल्या निर्यातीच्या जपानी सेटची ही ठरलेली बांधणी. सत्तरच्या दशकातला पर्लचा लाकूड-फायबरग्लास सेट असता, तर आत फायबरग्लासचं अस्तर दिसलं असतं. टामा या जपानी ब्रँडच्या इम्पीरियलस्टार सेटमध्ये करड्या ठिपक्यांचा लेप असतो, सुपरस्टारमध्ये बर्चचं लाकूड. यातलं तुमच्याकडे काही नाही.

आता पर्लचं. पर्लच्या कारखान्यातून तीसहून जास्त वितरकांच्या नावांनी सेट बाहेर पडत, हे तुम्ही वाचलंत ते बरोबर आहे. मॅक्सविन, अपोलो, मॅजेस्टिक, कोरोनेट ही त्यातलीच नावं. पण निर्यातीचा माल करणारं पर्ल एकटं नव्हतं. होशिनो या दुसऱ्या जपानी कंपनीचे स्टार ड्रमही त्याच काळातले. १९६४ च्या फेब्रुवारीत बीटल्स अमेरिकन टीव्हीवर झळकले आणि पोराटोरांना त्यांचा ड्रमवादक रिंगो याच्यासारखा सेट हवासा झाला. रिंगोचा अमेरिकी लुडविग परवडत नसे, मग लुडविगसारखे दिसणारे जपानी सेट खपले. बॅज मागवणाऱ्याचा, कारखाना भलत्याचाच. तुमच्या बॅजवर ना पर्लचं नाव, ना नंबर. लगचा, म्हणजे हेड ताणणारे स्क्रू बसतात त्या धातूच्या तुकड्याचा, घाट आणि टॉमचा स्टँड बघून अंदाज बांधता येतो, पण अंदाजावर पर्लचा भाव मी देणार नाही. तुम्ही म्हणता तसं ‘१९६८ चाच’ असंही लिहून देणार नाही. अहवालात ‘साठचं दशक’ लिहिलंय, तेवढंच सिद्ध होतं.

तुमचे काका बोटीवर होते, त्यांनी हौसेनं आणलेला सेट. आपल्याकडे त्या पिढीला जपानी म्हणजे अस्सल भारी, घड्याळ असो की ट्रान्झिस्टर. अमेरिकेत मात्र तेव्हा जपानी ड्रम म्हणजे शिकाऊ मुलाचा पहिला सेट. चित्र पालटलं ते सत्तरच्या दशकात: १९७४ मध्ये होशिनोनं टामा हे नाव आणलं, पाठोपाठ यामाहाचा बर्चचा ९००० हा सेट आला, आणि नावाजलेले वादक जपानी सेटवर वाजवू लागले. खरा भाव आहे तो त्या मालाला. तुमचा सेट त्याच्या आधीचा, म्हणजे जुना जास्त आणि किंमत कमी. ऐकायला विचित्र वाटतं, मान्य.

अकराशे डॉलर ही मागितलेली किंमत आहे. विकल्या गेलेल्या सेटच्या किमती वेगळ्या दिसतात, त्या बघा. असे सेट सहसा काहीशे डॉलरमध्येच जातात, तेही सगळं मूळचं असेल तर. तुमच्या सेटला दोन लग नाहीत, फ्लोअर टॉमचा एक पाय परका आहे, बेस ड्रमला मागाहून भोक पाडलंय आणि मूळच्या चमकीच्या रॅपवर (शेलवर बाहेरून चिकटवलेल्या आवरणावर) कुणीतरी काळा ऑइलपेंट फासलाय. (ऑर्केस्ट्रावाल्यांना काळ्या रंगाचं एवढं प्रेम का, कोण जाणे.) शिवाय बेस ड्रम परदेशी पाठवायचा तर कुरिअरवाले वजनाचे नाही, आकाराचे पैसे लावतात.

तपासणीचे पाचशे रुपये परत मिळणार नाहीत, कारण त्याचा लेखी अहवाल तुमच्या हातात आहे. तो घेऊन दुसरीकडे खुशाल दाखवा. अठरा हजार हा आमचा खरेदीचा भाव होता आणि तो अजून कायम आहे. विकायचं नसेल तर रंग घासून काढू नका, थिनरनं खालचं रॅप मऊ पडतं. स्नेअर एकटा विकायचा मोहही टाळा, सेट फुटला की उरलेल्याला गिऱ्हाईक मिळत नाही. माळ्यावर ते दोन लग सापडले, तर आकडा आम्ही वाढवू. शेजारी मोजपट्टी ठेवून फोटो पाठवा. दोन स्क्रूंमधलं अंतर नीट दिसलं पाहिजे.