रिकाम्या तासाचा बंदोबस्त

आठवड्यातला एक तास ‘उजळणी, राहिलेलं काम आणि विसावा’ यासाठी मोकळा ठेवा, अशी सूचना तुमच्या वेळापत्रकात कुणी भल्या माणसाने घुसवली असेल, तर गडबडून जाऊ नका. बरीच वर्षं फळ्यापुढे काढलेला माणूस म्हणून सांगतो, यातून सुटका होते. तास वेळापत्रकात तसाच ठेवायचा, चौकटीला छान रंगही द्यायचा आणि आत पुढचा धडा घ्यायचा.

मुळात आपलं काम काय, हे एकदा पक्कं करून घ्या. आपलं काम पोर्शन संपवणं. ‘पोर्शन संपला’ हे वाक्य मला फार आवडतं. कुणाचा संपला, हे त्यात सांगावं लागत नाही. माझा संपतो, दरवर्षी संपतो. मुलांचा कुठवर आलाय ही चौकशी कुणी करत नाही, आणि आपण होऊन कशाला सांगायला जा?

उजळणीचं खूळ मुलांच्या विसरभोळेपणावरून निघालेलं आहे. हर्मान एबिंगहाउस नावाच्या जर्मन गृहस्थाने १८८५ मध्ये यावर पुस्तक लिहिलं. स्वतःवरच प्रयोग करायचा. अर्थ नसलेली अक्षरं पाठ करायची, थोडा वेळ जाऊ द्यायचा, मग तीच पुन्हा पाठ करायची आणि या वेळी किती कष्ट वाचले ते मोजायचं. तासाभराने ही बचत ४४ टक्क्यांवर आली, दिवसाने साधारण ३४ वर. माणसाने उगाच जिवाला घोर लावून घेतला. त्याला गळती कळली, कारण तो मागे वळून बघत बसला. पहिली यादी पाठ झाल्याबरोबर दुसरी घेतली असती, तर आयुष्यभर समाधानात राहिला असता. आपण वळायचं नाही. वळावंच लागलं तर चाचणीच्या दिवशी, आणि तेव्हा म्हणायचं, ‘हे मी शिकवलं होतं.’ खोटं काहीच नाही त्यात.

तरीही उजळणी घ्यायचीच वेळ आली, तर ती स्वतः घ्या. म्हणजे तुम्ही बोला, मुलं ऐकतील. पुस्तक उघडायला सांगा, महत्त्वाच्या ओळी वाचून दाखवा, अधूनमधून ‘समजलं ना?’ म्हणा. उत्तर ‘हो’ असंच येतं, तेही एका सुरात. काही अतिउत्साही लोक पुस्तक मिटायला लावून ‘आठवेल ते लिहा’ म्हणतात. त्यांच्या नादी लागू नका. रोडिगर आणि कार्पिक या दोन मानसशास्त्रज्ञांचा २००६ चा प्रयोग ते तोंडावर फेकतील. काही विद्यार्थ्यांनी उतारा पुन्हा वाचला, काहींनी न बघता आठवून लिहिला. आठवड्याने बघितलं तर पुन्हा वाचणाऱ्यांच्या लक्षात ४२ टक्के, आठवून लिहिणाऱ्यांच्या ५६. पण हे लोक त्याच प्रयोगातला दुसरा आकडा सांगायचं विसरतात. पाच मिनिटांनी विचारलं, तेव्हा पुन्हा वाचणारेच पुढे होते! आता तुम्हीच सांगा, ‘समजलं ना?’ आपण कधी विचारतो? तास संपायला पाच मिनिटं असताना. आठवड्याने विचारायला आपल्याला काय वेड लागलंय?

प्रश्न विचारलाच तर उत्तराची वाट बघू नका. मेरी बड रो या संशोधक बाईंनी १९७४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या कामात दाखवलं, की प्रश्न विचारल्यावर शिक्षक साधारण सेकंदभरच थांबतात. तेच तीन सेकंद थांबले तर उत्तरं लांबतात, एरवी गप्प बसणारी मुलंही बोलायला लागतात. ही धोक्याची सूचना समजा. तीन सेकंदांत मागच्या बाकावरचा एखादा खरंच विचार करायला लागू शकतो. पुढच्या बाकावरचा हात वर असतोच, त्याला उठवा.

आता राहिलेलं काम. या प्रकारात फारसं डोकं लागत नाही. जी मुलं आजारी होती, गैरहजर होती किंवा वर्गात बसूनही गैरहजर होती, त्यांना सांगायचं, ‘वही पूर्ण करा.’ वही पूर्ण झाली की मूल पूर्ण झालं. माझ्या वर्गात एकाने शेजारणीची वही इतक्या प्रामाणिकपणे उतरवली, की तिने चुकून लिहून खोडलेली ओळ त्यानेही आधी लिहिली आणि मग पट्टी लावून, तिच्याहून सरळ, खोडली. मी खाली लाल शाईने ‘छान’ लिहिलं. अक्षर खरोखरच छान होतं.

ज्यांचं काम आधीच झालंय, त्यांना ताबडतोब जादा गणितं द्या. दोन-तीन आठवड्यांत त्यांना उमज पडते आणि तीही काम हळू करायला शिकतात. वर्ग एका पातळीवर येतो म्हणतात तो असा.

विसाव्याला मात्र मी फार जपतो, कारण सगळ्यात मोठी फसवणूक इथेच आहे. मुलगा खिडकीबाहेर बघतोय म्हणजे वेळ फुकट चालला, हे आपल्याला कुणी शिकवावं लागत नाही. पण म्युलर आणि पिल्त्सेकर या दोघांनी १९०० साली असं सुचवून ठेवलंय, की नवीन शिकलेलं डोक्यात बसायला थोडा काळ लागतो आणि त्याच्या पाठोपाठ दुसरं काही शिकायला लावलं तर पहिलं विस्कटतं. म्हणजे तो खिडकीबाहेर बघताना आत काहीतरी बसत असण्याची शक्यता आहे! असल्या न दिसणाऱ्या कामाची नोंद टाचणवहीत कोणत्या रकान्यात करायची? नोंद होत नाही ते काम नाही. तेव्हा विसावा द्यायचाच तर शिस्तीत द्या: पाठ ताठ, हाताची घडी, तोंडावर बोट. नंतर ‘मी विसावा कसा घेतला’ यावर दहा ओळी लिहून घ्या. पुन्हा विसावा मागणार नाहीत.

माझ्या हातून एकदाच चूक झाली, तीही घसा बसल्यामुळे. आवाज फुटेना, रजा शिल्लक नव्हती. फळ्यावर लिहिलं, ‘आपापलं काम करा,’ आणि खुर्चीत बसून राहिलो. पहिली काही मिनिटं नेहमीचा गोंगाट. मग हळूहळू तो बदलला. मागच्या बाकावरचा एक मुलगा, ज्याचा आवाज मी हजेरीपलीकडे कधी ऐकला नव्हता, पुढच्या मुलीला विचारत होता, ‘ऋण गुणिले ऋण धन कसं काय गं?’ तो धडा होऊन तीन महिने झाले होते. तीन महिने हा मुलगा तो प्रश्न खिशात घालून माझ्या वर्गात बसत होता.

ती उठली, फळ्यापाशी गेली. माझी सूचना पुसली. उणे दोन त्रिक उणे सहा. खाली उणे दोन दुणे उणे चार. मग उणे दोन एके उणे दोन. मग शून्य. ‘बघ, दर वेळी दोनने वर चढतंय,’ ती म्हणाली. ‘मग शून्यापाशी आलं म्हणून थांबेल कशाला?’ खडू त्याच्या हातात दिला. त्याने पुढच्या ओळीत उणे दोन गुणिले उणे एक लिहिलं, बराच वेळ नुसता बघत राहिला आणि मग दोन लिहिले. नुसते दोन, उणेचं चिन्ह नाही. ‘आयला!’ म्हणाला. वर्गात हा शब्द चालत नाही. पण मला बोलता येत नव्हतं.

मी हे त्यांना तीन महिन्यांपूर्वी नियम म्हणून दिलं होतं, चौकटीत, खाली दोन रेघा मारून.

तुमच्यावर हा प्रसंग येऊ नये म्हणून सांगतो, कपाटात छापील प्रश्नांचा एक गठ्ठा तयार ठेवा. घसा बसो, लाइट जावो, गठ्ठा वाटला की वर्गात कुणी कुणाला काही विचारत नाही. मी त्याच संध्याकाळी गठ्ठा तयार केला. दुसऱ्या दिवशी आवाज परत आला. फळ्यावर ते पाढे तसेच होते. डस्टर उचलला तर मागून कुणीतरी म्हणालं, ‘सर, आजच्या दिवस राहू द्या ना.’ नवीन धड्याचं नाव लिहायला जागा हवी होती, पुसलं.

त्या वर्षी पोर्शन आठ दिवस आधी संपला. वर्गाने विचारलं, आता उजळणी घ्यायची का? त्या आठ दिवसांत मी पुढच्या इयत्तेचा पहिला धडा घेतला.