पोटभाडेकरू

आमच्या वाड्यात एक भाडेकरू होते. आजोबांनी ठेवलेले. त्यांना काढायला बाबांना एकोणीस वर्षं लागली, त्यात दोन वकील वारले. त्यामुळे ‘काढणं’ ही गोष्ट आमच्या घरात कुणी हलक्यात घेत नाही. मी घेतली, तीही कॉम्प्युटरच्या बाबतीत.

झालं असं की बाबांना कुलवृत्तांताची पुरवणी काढायची होती. मूळ मजकूर १९९८ सालचा, डीटीपीवाल्याने केलेला. ती फाइल आताच्या कॉम्प्युटरवर उघडली की आमचे मूळपुरुष टोपी घातलेला ए आणि शेपूट फुटलेला सी अशा अवतारात दर्शन देत. त्या काळच्या फॉन्टमध्ये इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी अक्षरांचे तुकडे बसवलेले असत. फॉन्ट नसला की मेकअप उतरतो आणि आतला साहेब दिसतो. तर याचं युनिकोड, म्हणजे कुठल्याही कॉम्प्युटरवर दिसेल असं मराठी, करून देणारं एखादं फुकट कन्व्हर्टर शोधायला मी बसलो. ‘फुकट’ हा शब्द दिसला की पुण्यात विवेक पाच मिनिटांची सुट्टी घेतो.

डाउनलोडची तीन हिरवी बटणं होती, टपोरी. खरं बटण चौथं, राखाडी, पानाच्या तळाशी अंग चोरून बसलेलं, हे नंतर कळलं. मी हिरवं दाबलं. मग नेक्स्ट, नेक्स्ट, आय अ‍ॅग्री, नेक्स्ट, फिनिश. मधल्या चौकोनांत कुणीतरी आधीच टिक मारून ठेवल्या होत्या. म्हटलं, चला, तेवढेच आपले कष्ट वाचले.

कन्व्हर्टर आलं, पण एकटं नाही. ब्राउझर उघडला की कुठलंतरी भलतंच सर्चचं पान येऊ लागलं. एक सफाईवाला आला. त्याने न विचारता घर तपासून १,२४७ दोष काढले आणि ते दुरुस्त करायचे १,४९९ रुपये सांगितले. दोषामागे सव्वा रुपयाच्या आत, तसा रेट वाईट नव्हता. आणि उजव्या कोपऱ्यात एक हवामान येऊन बसलं. आम्ही नागपुरात राहतो अशी त्याची ठाम समजूत होती. बाहेर वळवाचा पाऊस कोसळत असताना ते ४४ अंश दाखवायचं. बायको म्हणाली, “याला बघूनच घाम येतो.”

बरं, ज्याच्यासाठी हे केलं त्या कन्व्हर्टरचा उजेड काय? जुन्या फॉन्टमध्ये ऱ्हस्व वेलांटी आधी टाइप करत आणि रफार शेवटी. युनिकोडला बरोबर उलटं लागतं. हे त्याच्या गावीच नव्हतं. पानोपानी थोरांचे ‘आशीवार्द’ पसरले. कीर्तनकार पणजोबांचे ‘कीतर्न’ झाले.

भाच्याला फोन केला. तो हिंजवडीत असतो.

“मामा, नेक्स्ट नेक्स्ट केलंस ना?”

“अरे, दुसरं बटणच नव्हतं!”

“असतं रे. कस्टम इन्स्टॉल म्हणून असतं.”

कंट्रोल पॅनलमध्ये जाऊन सफाईवाल्यावर अनइन्स्टॉल केलं, तर तो प्रश्न घेऊन उभा: ‘संरक्षण न काढणे रद्द करायचे नाही ना?’ इंग्रजीत होता, पण भाव हाच. मी तो तीनदा वाचला, एकदा मोठ्याने. खाली ठसठशीत हिरवं ‘होय’ आणि कागदाच्या रंगात विरघळलेलं ‘नाही’. अंदाजाने ‘नाही’ दाबलं. मग त्याने जाण्याचं कारण विचारलं. सहा पर्याय होते. ‘मी तुला बोलावलंच नव्हतं’ हा त्यात नव्हता. शेवटी रीस्टार्ट. स्क्रीन स्वच्छ. मी चहा टाकला.

अकराच्या ठोक्याला सफाईवाला परत हजर. आता दोष १,३०२.

“टास्क शेड्युलर उघड,” भाचा म्हणाला. तिथे महाशयांनी नोंदच करून ठेवली होती: रोज सकाळी अकरा वाजता तपासणे, नसल्यास पुन्हा बसवणे. एवढी शिस्त आमच्या कामवाल्या मावशींकडे असती तर! ती नोंद उडवली. सर्चचं पान तरीही हलेना. सेटिंग बदललं, एक्स्टेन्शन काढलं, तरी तेच. तेव्हा भाच्याने ब्राउझरच्या आयकॉनवर राइट क्लिक करून प्रॉपर्टीज बघायला सांगितलं. टार्गेटच्या चौकटीत प्रोग्रामचा पत्ता संपल्यावर, अवतरणचिन्हाच्या पलीकडे, त्या पानाचा पत्ता चिकटवलेला. आम्ही आतल्या खोल्या झाडत होतो आणि हा दाराच्या पाटीवर नाव लावून बसला होता.

“पण मग अँटिव्हायरस काय झोपला होता?”

“तो याला व्हायरस म्हणत नाही, मामा. ‘बहुधा नकोसा प्रोग्राम’ म्हणतो. तू परवानगी दिलीयेस ना.”

अगदी हेच वकील बाबांना म्हणाले होते: पावत्या तुमच्याच सहीच्या आहेत. तरी बरं, तिथे ‘बहुधा’ नव्हतं.

रात्री साडेबाराला शेवटचं हवामान काढलं. त्याने काही विचारलं नाही, गुपचूप गेलं. सगळ्यांत सज्जन तेच निघालं.

सकाळी बाबा फोन कानाला लावून कॉम्प्युटरसमोर उभे. पलीकडे नागपूरची आत्या.

“अरे, ते कोपऱ्यातलं तापमान कुठे गेलं?”

“काढलं बाबा. नको ते सॉफ्टवेअर होतं.”

“नको कुणाला?” बाबांनी फोनवर हात ठेवला. “महिनाभर रोज मी तिला सांगतोय, आज अकरा ते चार बाहेर पडू नकोस म्हणून. ती थांबलीय तिथे लाइनवर. काय सांगू तिला?”

मी खुर्ची ओढली. तीन हिरवी बटणं होती तिथेच होती.