जिवतीच्या कागदाला विज्ञानाचं सर्टिफिकेट कशाला?

श्रावण जवळ आला की व्हॉट्सॲपवर तेच मेसेज फिरायला लागतात. लिंबू-मिरचीचा सुती दोरा म्हणे लिंबाचा रस शोषतो आणि घरभर जीवनसत्त्व पसरवतो. बाळाच्या गालावरची तीट म्हणे घातक किरणं अडवते. शेवटी ठरलेली ओळ, आपले पूर्वज किती वैज्ञानिक होते. मला हे वाचून फार वाईट वाटतं. त्यात विज्ञान तर नसतंच, वर ज्या बायकांनी या खुणा पिढ्यान् पिढ्या सांभाळल्या त्यांचं म्हणणंही त्याखाली गाडलं जातं.

त्यांचं म्हणणं एवढंच होतं, की माझं लेकरू जगू दे.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला या देशात जन्मलेल्या दर हजार बाळांपैकी दोनशेच्या आसपास वर्षाच्या आत जात. म्हणजे पाचातलं एक. पाच-सहा बाळंतपणं झालेल्या बाईच्या वाट्याला हे दुःख येणार हे जवळपास धरूनच चालायचं. काळा करगोटा, दृष्टमण्यांची मनगटी, गळ्यातलं वेखंड, तीट हे सगळं त्या भीतीतून आलं आहे. एकामागून एक मुलं गेली की पुढच्याचं नाव धोंडू, दगडू, केरू, भिकू असं ठेवत, मुलाचं नाक टोचून त्याला नथू म्हणत. नको असलेल्या वस्तूकडे मृत्यूचं लक्ष जाणार नाही, ही आशा. पोटच्या पोराला आयुष्यभर केरकचऱ्याच्या नावाने हाक मारायची तयारी ज्या आईने केली, तिने काय काय सोसलं असेल!

पाचवीचं बघा. बाळ जन्मल्यानंतर पाचव्या रात्री पाटा-वरवंटा मांडून सटवाई पुजतात. कोरा कागद, लेखणी, कुठे विळा. सटवाई येऊन बाळाच्या कपाळी नशीब लिहिते म्हणून दिवा विझू द्यायचा नाही आणि बायकांनी जागायचं. आता दुसरी बाजू. नवजात बाळाचा धनुर्वात साधारण तिसऱ्या ते चौदाव्या दिवसात गाठतो, बहुतेक वेळा पहिल्या आठवड्याच्या आगेमागे. नाळ गंजक्या विळीने कापलेली, वर शेण किंवा राख लावलेली. चांगलं पिणारं बाळ अचानक दूध ओढेनासं व्हायचं, जबडा आवळायचा, अंग ताठ व्हायचं, संपलं. ज्या दिवसांत बाळं जात होती, नेमक्या त्याच दिवसांत घरातल्या बायका दिवा लावून जागत होत्या. बाळं कशाने जातात हे त्यांना माहीत नव्हतं, पण धोका कधी येतो हे पक्कं माहीत होतं.

आणि श्रावणात मुलांसाठी भिंतीवर लावून पुजतात तो जिवतीचा कागद! माझ्या मते मराठी घरातलं हे सगळ्यात विलक्षण चित्र आहे. वर नरसिंह, ज्याने प्रल्हादाला बापाच्याच हातून वाचवलं. कालियामर्दन करणारा कृष्ण, पावसाळ्यातल्या पाण्याचं आणि सापाचं भय ओळखून. हत्ती आणि वाघावर बसलेले बुध-बृहस्पती. आणि मध्ये पोरांच्या गराड्यात जरा-जिवंतिका. ही जरा महाभारतातली राक्षसी. मगधाच्या बृहद्रथ राजाच्या दोन राण्यांना अर्धं-अर्धं बाळ झालं, दायांनी ते दोन तुकडे चव्हाट्यावर टाकले, आणि मांस खाणाऱ्या जरेने उचलून जोडले तर जिवंत जरासंध रडायला लागला. तिने तो खाल्ला नाही, राजाला नेऊन दिला. सभापर्वात ती स्वतः सांगते, की जो मला मुलांसह घराच्या भिंतीवर रेखील त्याच्या घरी भरभराट होईल. आपण दर श्रावणात भिंतीवर तेच तर लावतो.

मुलं खाणारीलाच मुलांची राखण करायला लावायची, ही कल्पना बौद्धांकडेही आहे. अजिंठ्याच्या 2 क्रमांकाच्या लेण्यात उजवीकडे हारीती बसली आहे. तीही लोकांची पोरं पळवणारी यक्षिणी. बुद्धाने तिचंच धाकटं लपवलं तेव्हा तिला इतर आयांचं दुःख कळलं आणि ती मुलांची रक्षक झाली. तिच्या आसनाखाली शिल्पात चक्क मुलांची शाळा भरली आहे. लेणं बघायला गेलात तर वाकून नक्की बघा.

आता माझं मत स्पष्ट सांगते. तीट लावा, पण काजळ बाळाच्या डोळ्यात घालू नका, बाजारच्या काजळात शिसं असू शकतं. मण्यांचा दोरा झोपेत गळ्यात ठेवू नका. जिवती जरूर पुजा. धनुर्वात मात्र हटवला तो गरोदरपणी आईला दिलेल्या लसीने, स्वच्छ ब्लेडने आणि दवाखान्यातल्या बाळंतपणाने. 2015 साली भारतातून माता आणि नवजातांच्या धनुर्वाताचं निर्मूलन झाल्याचं जाहीर झालं. गडचिरोलीत डॉ. राणी आणि डॉ. अभय बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेने गावातल्याच बायकांना शिकवून घरोघरी नवजातांची देखभाल सुरू केली. तिसऱ्या वर्षी तिथले नवजात मृत्यू तुलनेच्या गावांपेक्षा 62 टक्क्यांनी कमी झाल्याचं 1999 साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. आज आशाताई, म्हणजे गावातल्याच आरोग्यसेविका, ठरलेल्या दिवशी बाळ बघायला येतात, त्यातला एक दिवस सातवा. पाचवीला जागणाऱ्या बायकांना ही बाई मिळाली असती तर त्यांनी तिला पाटावर बसवून ओवाळलं असतं. तेव्हा ती दारात आली की ‘बाळाला नजर लागेल’ म्हणून तिला परत पाठवू नका. हे अजूनही होतं, सुशिक्षित घरांतसुद्धा होतं, आणि मला त्याचा संताप येतो.

जिवतीच्या शुक्रवारी मुलं परगावी असली तर आई चारही दिशांना अक्षता टाकून त्यांना ओवाळते. लेक पुण्यात असो की टोरांटोत. यामागे कुठली ऊर्जा असते हे कृपया मला पाठवू नका.

त्यापेक्षा घरातल्या म्हाताऱ्या बायकांना विचारा, तुमच्याकडे पाचवीला पाटावर काय काय मांडायचे, आणि घराण्यात कुणाचं नाव धोंडू किंवा केरू का पडलं. त्याच्या आधी किती भावंडं गेली होती तेही विचारा. मिळालेलं खाली कमेंटमध्ये लिहा, मला ते सगळं वाचायचं आहे.