मुसोलिनीचा पुतळा आणि डगमगणारा मेलोट्रॉन

नमस्कार. 'मुझेओ रोझेनबाख' या इटालियन प्रोग्रेसिव्ह रॉक (प्रोग) बँडवरच्या माझ्या लेखाला तुम्ही घेतलेले आक्षेप तीन: तो फॅसिस्ट वळणाचा बँड होता आणि लेखात ते झाकलंय, त्यांच्या 'झाराथुस्त्रा' या रेकॉर्डचं रेकॉर्डिंग गचाळ आहे, आणि एका रेकॉर्डच्या बँडवर एवढं लिहायचं कशाला.

पहिला निम्मा मान्य. मुखपृष्ठावरच्या कोलाजमध्ये मुसोलिनीचा अर्धपुतळा आहे आणि लेखात तो यायला हवा होता. पण रेकॉर्ड आली १९७३ मध्ये. मिलानच्या पियात्सा फोंतानातला बॉम्बस्फोट १९६९ च्या डिसेंबरातला, १७ माणसं गेलेली. प्रोग ऐकणारी तरुण मंडळी बहुतेक डावीकडची. त्यांच्यासमोर हा पुतळा आणि वर जर्मन तत्त्वज्ञ नीत्शेचा अतिमानव! सरकारी रेडिओने पाठ फिरवली, तिथेच रेकॉर्ड बुडाली. शब्द मात्र वाचून पाहा. त्यांचा अतिमानव निसर्गाशी नातं जोडू पाहणारा आहे, आणि दुसऱ्या बाजूचं 'देल्यी उओमिनी' हे गाणं माणसाच्या हिंसेवर बोट ठेवतं. मुखपृष्ठ मूर्खपणाचं होतं, एवढंच माझं मत.

तिसऱ्याचं उत्तर छोटं: ड्रमर जांकार्लो गोल्त्सी १९७५ मध्ये 'मातिया बाझार' या पॉप बँडमध्ये गेला आणि १९७८ ला त्या बँडने सानरेमो ही इटलीची मोठी गीतस्पर्धा जिंकली. शिवाय २०१३ मध्ये मुझेओ रोझेनबाखची 'बार्बारिका' ही रेकॉर्ड आलीच की.

आता आवाज. तंतुवाद्यं मध्येच डगमगतात म्हणता, तो मेलोट्रॉनचा, म्हणजे टेपवर मुद्रित केलेले सूर वाजवणाऱ्या कीबोर्डचा, स्वभाव आहे. प्रत्येक पट्टीखाली टेपचा वेगळा तुकडा, जेमतेम ८ सेकंदांचा. संपला की सूर बंद, पट्टी सोडली की स्प्रिंग तो मागे खेचते. म्हणून लांब सूर तोडून पुन्हा धरावा लागतो. एकदम पाच-सहा पट्ट्या दाबल्या की मोटरवर भार येतो आणि सूर किंचित उतरतो. खात्री करायची तर त्याच जागी हॅमंड ऑर्गन आणि गायकाचा गळा ऐका. तेही डगमगले तर दोष टर्नटेबलचा किंवा रेकॉर्डच्या मधोमध नसलेल्या भोकाचा.

पहिल्या बाजूच्या शेवटी ऐकू येणारा चरचराट वेगळा. त्या बाजूला २० मिनिटांवरची एकच रचना आहे. बाहेरच्या खाचेत सुईखालून सेकंदाला सुमारे ५१ सेंटिमीटर खाच सरकते, लेबलजवळ फक्त २१, म्हणून तिथे दाट आवाज सुईला नीट वाचता येत नाही. आणि सगळ्यात दाट वादन नेमकं तिथेच, 'इल तेंपिओ देल्ले क्लेसीद्रे' या शेवटच्या भागात. सुईचा कोन तपासा, टोक झिजलंय का बघा; सीडीवर हा चरचराट नाही.