कासदाहाचं खापर पांढऱ्या पेशींवर?

कासदाह म्हणजे गायीच्या कासेला बहुधा जिवाणूंमुळे येणारी सूज. त्याबद्दल गोपालकांमध्ये एक संदेश फिरतो: ‘दुधात पांढऱ्या पेशी जितक्या जास्त, तितका कासदाह गंभीर. कास सुजते ती पेशींमुळेच. पेशी शून्यावर आणा, गाय सुरक्षित.’

पहिलं विधान. मिलिलिटरमागे एक लाखाच्या आत पेशी असतील तर सड बहुधा निरोगी. दोन लाखांच्या वर गेल्या तर संसर्गाची शंका घ्यायची. आकड्याचं काम तिथंच संपतं. स्टॅफिलोकॉकस ऑरियस या जिवाणूचा जुना संसर्ग असलेली गाय चढा आकडा घेऊन निवांत रवंथ करत असते. गांभीर्याची प्रतवारी वेगळीच आहे: नुसतं दूध बिघडलंय, कासही सुजलीय, की गायच आजारी पडलीय?

‘पेशींमुळेच’ यात अर्धं सत्य आहे. न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशी जिवाणू मारायला जी रसायनं सोडतात, त्यांनी कासेच्या ऊतींनाही इजा होते. पण त्या नसत्या तर? शाल्म हे कासदाहाच्या कॅलिफोर्निया चाचणीचे एक जनक. त्यांनी आणि सहकाऱ्यांनी 1976 मध्ये जुनाट स्टॅफिलोकॉकस संसर्ग असलेल्या गायींच्या पांढऱ्या पेशी विशिष्ट सीरम टोचून नष्ट केल्या. इतके दिवस दबून असलेल्या संसर्गानं उग्र रूप धरलं आणि कास सडू लागली.

ई. कोलाय या जिवाणूच्या बाबतीत तर सगळा खेळ वेळेचा. न्यूट्रोफिल लवकर पोचले तर जिवाणू आटोक्यात येतात. उशीर झाला की जिवाणू बेसुमार वाढतात, त्यांचं एंडोटॉक्सिन हे विष साचतं आणि गाय कोसळते. व्यायल्यानंतरच्या पहिल्या आठवड्यांत या पेशी मंदावलेल्या असतात. म्हणून त्या काळातला कासदाह अनेकदा जिवावर बेततो. तीव्र आजारात रक्तातल्या पांढऱ्या पेशी तर उलट घटतात.

आणि शून्य? निरोगी दुधातही मॅक्रोफेज या पांढऱ्या पेशी असतात, जिवाणू शिरल्याची पहिली वर्दी देणाऱ्यांपैकी त्या एक. होल्स्टिन जातीत एक आनुवंशिक दोष आहे: सीडी18 प्रथिन सदोष असल्यानं न्यूट्रोफिल रक्तवाहिनीबाहेर पडूच शकत नाहीत. अशा वासरांच्या रक्तात पेशींची गर्दी आणि ऊतींत दुष्काळ. बहुतेक वासरं लहानपणीच संसर्गानं दगावतात.

तेव्हा नुकत्याच व्यायलेल्या गायीनं वैरण सोडली, धार पाण्यासारखी आली, ताप दिसला, तर पेशींच्या अहवालाची वाट पाहत बसू नका. पशुवैद्यकाला त्याच दिवशी बोलवा.