देवगडकर काकांच्या प्रतिक्रियेला उत्तर: दणका, वजन आणि वापर

देवगडकर काका, नमस्कार. मनाला लावून घेऊ नकोस म्हणालात तरी थोडं लावून घेतलंय, त्यामुळे उत्तर जरा लांबणार. स्वसंरक्षणासाठी रिव्हॉल्वर-पिस्तूल कुठलं घ्यावं यावर मी लिहिलं होतं, त्यावर तुमचं म्हणणं थोडक्यात असं, की बंदुकीक दणको (गोळी सुटताना हाताला बसणारा मागचा धक्का) होयोच, जीवावर बेतल्यावर माणसाला दणकाबिणका काही कळत नाही, म्हणून "हाताला सोसेल ते घ्या" हा माझा सल्ला म्हणजे शहरी लाड, घ्यायचंच तर सरळ ९ एमएम घ्यावं, आणि सुनेसाठी मात्र निर्भीक, म्हणजे कानपूरच्या सरकारी कारखान्याचं हलकं रिव्हॉल्वर.

९ एमएमचं आधी उरकतो. ते आपल्याकडे प्रोहिबिटेड बोअर (बोअर म्हणजे नळीचं माप, आणि हे माप सामान्यांना बंद), तुम्हाआम्हाला साध्या परवान्यावर मिळत नाही. राहतं काय तर मुख्यतः .३२ चं रिव्हॉल्वर किंवा पिस्तूल, नाहीतर .२२. म्हणजे मोठा बोअर की छोटा हे भांडण सरकारनेच बरंचसं मिटवून ठेवलंय, आपल्या हातात उरतं वजन, मूठ आणि चाप.

आता दणका. ऐन वेळी तो जाणवत नाही हे मान्य, पण नडतो तो सरावात. हाताला लागतंय म्हटल्यावर पुढच्या वेळी चाप पूर्ण ओढायच्या आतच मनगट खाली दाबलं जातं आणि गोळी नेमाच्या खाली जाते. पटत नसेल तर रेंजवर सोबत्याला सांगा, रिव्हॉल्वरच्या सहा घरांतली दोन रिकामी ठेव आणि कुठली ते मला कळू देऊ नकोस. घोडा रिकाम्या घरावर पडून नुसतं टक् झालं की नळीच्या तोंडाकडे बघा, दणका झालेलाच नसतो तरी ते खाली बुडी मारतं! ही खोड हातात बसली की ऐन वेळीही हात तेच करणार, तेव्हा दणका कळो न कळो. त्यात काडतुसांचा कोटा ठरलेला, किंमत तुम्हाला माहीतच आहे, मग ज्या थोड्या गोळ्या उडवायच्या त्या अंग चोरत उडवून काय शिकणार?

सुनेसाठी निर्भीक, "बायकांना हलकंच बरं" म्हणून, हे मला अजिबात पटलेलं नाही. २०१४ मध्ये कानपूरहून ते आलं तेव्हा सगळीकडे वजनाचंच कौतुक, साधारण ५०० ग्रॅम, पर्समध्ये मावतं. मावतं की! पण काडतूस तेच .३२ आणि कानपूरचं आधीचं रिव्हॉल्वर त्याहून बरंच जड, मग दणका कुठल्यात जास्त बसेल? छोट्या होडीतून धक्क्यावर उडी मारली की होडी मागे सरकते, ट्रॉलर ढिम्म हलत नाही. तसा .३२ चा दणका मुळात सौम्यच, हात मोडत नाही कुणाचा, पण नवशिक्याला फरक कळतो. छोट्या पिस्तुलातही असंच, अंगठ्याच्या बेचकीत मूठ नीट बसली नाही तर मागे येणारी स्लाइड (पिस्तुलाचा वरचा सरकता भाग) तिथलं कातडं सोलते. एकदा सोललं की माणूस पुन्हा मोकळ्या हाताने धरतच नाही.

म्हणून मी आधी विचारतो, वापरायचं कुठे? रोज अंगावर बाळगायचं असेल तर हलकं ठीक, वजनाची किंमत दणक्यात मोजायची. घरातच राहणार असेल तर हलकं कशाला, दोनशे ग्रॅम जास्त असले म्हणून कपाटाला काय फरक पडतो? स्पर्धेचं मनात असेल तर .२२, राही सरनोबतने २०१८ च्या एशियन गेम्समध्ये २५ मीटर पिस्तूलचं गोल्ड .२२ वरच मारलं, तिथे कोणी दणका किती मोठा ते विचारत नाही. आणि बागेतल्या माकडं-डुकरांसाठी म्हणत असाल तर काका, ते पिस्तुलाचं कामच नाही, त्याला शेतीसंरक्षणाचा परवाना आणि बारा बोअरची लांब बंदूक, तीसुद्धा वनखात्याचे नियम बघून.

एक राहिलंच, कातडी होल्स्टरमध्ये घालून कपाटात ठेवू नका. आपल्या खाऱ्या हवेत, त्यात पावसाळ्यात, कातडं ओल धरतं आणि आतल्या आत गंज चढतो. तेलाचा हात मारून कोरड्या कापडात ठेवा.

आणि सुनेला दुकानात सोबत न्या, तुम्ही निवडून आणू नका. दुकानदाराला विचारून, रिकामं आहे ते तिने स्वतः बघून, नळी भिंतीकडे धरून घोडा न चढवता चाप ओढून बघू दे, दहा-बारा वेळा. शेवटी शेवटी बोट थरथरायला लागलं किंवा चापापर्यंत पोचायला मूठ फिरवावी लागली तर ते तिच्या हातचं नाही, मग ते निर्भीक असो की आणखी काही.