दहा किलोवॅटचा जावई

मी लोडशेडिंगच्या महाराष्ट्रात वाढलो. तिथे निदान वेळापत्रक पेपरात छापून यायचं. फेब्रुवारी २०२१मध्ये ह्यूस्टनला बर्फ पडला आणि दिवे गेले ते कुणाला न विचारता. टेक्सासच्या ग्रिडची फ्रीक्वेन्सी ६०वरून ५९.३ हर्ट्झपर्यंत घसरली होती आणि अख्खी ग्रिड झोपायला ४ मिनिटं ३७ सेकंद उरली होती, हे मागाहून कळलं. आम्ही तेव्हा घरातल्या सगळ्या रजया अंगावर घेऊन बसलो होतो.

"जनरेटर घ्यायचा," मी म्हणालो. बायको हो म्हणाली. तिच्या डोळ्यांसमोर दुकानातला चाकांचा छोटा, लालचुटुक जनरेटर होता. मी आणला तो अमेरिकन लष्कराने लिलावात काढलेला एमईपी-८०३ए. दहा किलोवॅट, वजन अर्ध्या टनाहून जास्त आणि आत लिस्टर पेटरचं चार सिलिंडरचं डिझेल इंजिन. लिस्टर हे नाव मी गावच्या पिठाच्या गिरणीत ऐकलेलं, त्यामुळे ऊर भरून आला. बायकोचाही आला, वेगळ्या कारणाने.

लष्करी वस्तूचा स्वभाव लष्करीच. घरगुती जनरेटरला एक दोरी असते, ती ओढायची. इथे १२ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या जोडून २४ करायच्या, मास्टर स्विच 'प्राइम अँड रन'वर न्यायचा, इंधनाच्या पंपाची टकटक संथ होईपर्यंत कान लावून उभं राहायचं आणि मगच 'स्टार्ट'. इंधनाच्या नळीत हवा शिरलेली असेल तर ती टकटक संथ होतच नाही. शिवाय 'बॅटल शॉर्ट' नावाचा एक झाकणवाला स्विच आहे. तो दाबला की ऑइल संपो नाहीतर इंजिन तापो, मशीन स्वतःहून बंद पडत नाही. लढाईत दिवा महत्त्वाचा, इंजिन गेलं तरी चालेल. आमच्या धाकट्याला संपूर्ण मशीनमध्ये तेवढंच आवडतं. त्या झाकणाला मी कुलूप लावलंय.

मॅन्युअल मात्र वाचण्यासारखं. शत्रूच्या हाती पडू नये म्हणून यंत्र नष्ट करण्याचाही विषय त्यात आहे. "शत्रू म्हणजे आपली सोसायटी का?" बायकोने विचारलं. प्रश्न बरोबर होता, कारण तोवर सोसायटीचं पत्र आलेलं होतं: हिरवा रंग परिसराला शोभत नाही. रानात दडून राहण्यासाठी मुद्दाम दिलेला रंग कमिटीच्या बाईंना चालत्या गाडीतून दिसला! खरवडून दुसरा द्यावा तर हा लष्करी लेप. त्याची धूळ छातीत जाणं बरं नव्हे. शेवटी पुढ्यात जास्वंदी लावल्या. उन्हाळ्यात यंत्राच्या हवेच्या झरोक्यांमध्ये कुंभारमाश्या मातीची घरटी बांधतात, ती स्क्रूड्रायव्हरने उकरताना टोचायला जास्वंदीला काटे नाहीत, एवढंच सुख.

पण खरा ताप त्याच्या भुकेचा. डिझेल इंजिनावर भार कमी असला की सिलिंडर पुरेसा तापत नाही, न जळलेलं इंधन धुराड्यात साचतं आणि तोंडातून काळा चिकट ओघळ सुरू होतो. फ्रिज, चार दिवे आणि वायफाय ही आमच्या घराची गरज त्याला चटणी-भाकरीसुद्धा वाटत नाही. म्हणून बायको त्याला जावई म्हणते: पानात कमी वाढलं की धुसफुसणारा. महिन्यातून एका रविवारी त्याला पोटभर जेवू घालावं लागतं. मेन ब्रेकर पाडायचा, इंटरलॉक सरकवायचा (नाहीतर आपली वीज उलटी खांबावर जाऊन लाइनमनच्या जिवावर बेतेल), मग ड्रायर आणि ओव्हन लावायचे. भाराचा काटा सत्तर टक्क्यांवर येतो, धूर निवळतो. सोबत गीझर लावला की शंभरी ओलांडते आणि जावईबापूंचा आवाज बदलतो. वाळवायला कपडे नसले की वाळलेलेच पुन्हा वाळवतो. वीज जाऊ नये म्हणून घेतलेलं यंत्र जपण्यासाठी चांगली आलेली वीज बंद करून तांबडं (रस्त्यावरच्या गाड्यांसाठी नसलेलं, करमुक्त) डिझेल जाळायचं, हे मी आईला फोनवर समजावून सांगायचा प्रयत्न केला. ती म्हणाली, "बाबा, तब्येत बरी आहे ना?"

ओव्हन रिकामा तापवणं बायकोला पटेना, म्हणून त्या रविवारी नानकटाई होते. आमच्या गल्लीत आम्ही नानकटाईवाले म्हणूनच प्रसिद्ध.

जुलै २०२४मध्ये बेरिल वादळ आलं. २२ लाखांहून जास्त ग्राहकांची वीज गेली. बाहेर भट्टी पेटलेली. मी स्विच फिरवला, टकटक ऐकली आणि सुरू! घरचा एसी लावूनही काटा चाळिशीवर अडला, धुराड्याशी काळं दिसू लागलं. एवढ्यात शेजारचे आजोबा हरणाच्या मटणाने भरलेल्या फ्रीझरसाठी एक्स्टेन्शन वायर घेऊन दबकत आले. भार फार होईल का, अशी त्यांना चिंता. मी काही बोलायच्या आत बायको दारातून ओरडली, "आणा, आणा! ड्रायर आहे का तुमच्याकडे? तोही आणा!"